लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जाताना

पत्र :

“ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. अडीच एकर द्राक्षबाग आहे. मुलगी आणि जावई जर्मनीत श्टुटगार्टला असतात, दोघंही कंपनीत इंजिनिअर. नोव्हेंबरच्या २० तारखेच्या आसपास तिचं पहिलं बाळंतपण आहे. तिला इकडं येता येत नाही, म्हणून मी जायचं ठरलंय. निदान सहा महिने राहावं, बाळ बसायला लागलं की परत यावं, असं मनात आहे. सांगलीतला एक एजंट म्हणतो, तीन महिन्यांचा टुरिस्ट व्हिसा काढू, पुढचे तीन महिने तिथंच वाढवून मिळतात. धाकटा मुलगा २३ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सध्या घरीच आहे. त्यालाही माझ्यासोबत टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिथं नोकरी बघेल आणि व्हिसा बदलून घेईल, असं एजंटचं म्हणणं. दोघांचे मिळून चार लाख सांगितलेत. आमची इन्कम टॅक्सची फाईल नाही, खात्यात फार पैसे नसतात. कुणाकडून तरी तीन-चार लाख घेऊन महिनाभर खात्यात ठेवा, असंही तो म्हणाला. शेजारच्या गावातल्या एक बाई अमेरिकेत लेकाकडं सहा महिने राहून आल्या, मग मला का जमू नये? आणि मुलगी म्हणते तसं पुढं आम्हा दोघांना तिकडं कायमचं राहता येईल का? मालकांना छाटणीमुळं आत्ता निघता येणार नाही. काय करावं ते सांगा.”
— एक आई, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते ही आपली रीत. इथे माहेरच उठून लेकीकडे निघालंय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात एक गोष्ट अगदी सरळ आहे आणि दुसरी धोक्याची, आणि एजंटने दोन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. तुमचं जाणं सरळ आहे. नीट कागद केले तर तुम्हाला व्हिसा न मिळण्याचं मोठं कारण मला दिसत नाही. धोक्याचं आहे ते धाकट्याला त्याच वाटेने नेणं. ते गाठोडं आधी सोडवू.

सहा महिन्यांचं आधी सांगते. जर्मनीत पाहुणा म्हणून सलग ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. “तिथे गेल्यावर वाढवून मिळतात” हे खरं नाही. मुदत वाढते ती अगदी अडचणीच्या वेळी. तुम्ही स्वतः दवाखान्यात भरती झालात आणि डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून लिहून दिलं, किंवा विमानंच बंद पडली, अशा वेळी. बाळ अजून लहान आहे, लेकीला आई हवी आहे, हे तुमच्या-माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण. तिथल्या कायद्यात ते मुदत वाढवायचं कारण ठरत नाही.

मग शेजारच्या गावातल्या बाई सहा महिने कशा राहिल्या? त्या खोटं सांगत नाहीत. पण त्या अमेरिकेत राहिल्या. अमेरिकेचा पाहुण्यांचा व्हिसा आपल्याकडच्या लोकांना बहुधा १० वर्षांचा मिळतो. एका खेपेला किती राहायचं हे मात्र व्हिसावर लिहिलेलं नसतं, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि साधारण सहा महिने देतो. तिथे आत राहून मुदतवाढीचा अर्ज करायचीही सोय आहे. इंग्लंडला गेलात तर एका खेपेला सहा महिने चालतात. कॅनडात ज्यांची मुलं नागरिक किंवा कायम रहिवासी आहेत अशा आई-वडिलांसाठी वेगळा ‘सुपर व्हिसा’ आहे, त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो आणि मुलाची कमाई ठरलेल्या रकमेच्या वर असावी लागते. ऑस्ट्रेलियात आई-वडिलांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. पारावर बसून ऐकलं की हे सगळं ‘परदेशचा व्हिसा’ या एकाच नावाखाली येतं. प्रत्येकाचा अनुभव खरा असतो, पण त्या त्या देशापुरता. एजंटने अमेरिकेचा नियम तुम्हाला जर्मनीच्या नावाने विकलेला दिसतो.

जर्मनी ज्या गटात आहे त्याला शेंगेन म्हणतात. युरोपातले २९ देश त्यात आहेत आणि पाहुण्यांसाठी त्यांचा हिशेब एकत्र चालतो. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही सगळ्या देशांत मिळून. जावई तुम्हाला चार दिवस पॅरिसला किंवा स्वित्झर्लंडला फिरवून आणणार असतील तर ते चार दिवसही त्याच नव्वदात धरले जातात. उतरल्याचा दिवस एक धरायचा आणि निघाल्याचा दिवसही एक.

आता तुमच्या तारखा मांडू. १ नोव्हेंबरला तुम्ही तिथे पोहोचलात असं धरा. नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २९ मिळून ९० होतात. म्हणजे २९ जानेवारीला तुम्हाला त्या २९ देशांच्या बाहेर पडायलाच हवं. मी तिकीट २९ चं काढणार नाही, २४-२५ चं काढेन. जानेवारीत तिकडे बर्फ असतो, विमान एखाद्या दिवसाने लांबलं तर हातात चार दिवस असावेत. बाळंतपण २० ला धरलं तर सव्वा महिना डिसेंबरअखेर पुरा होतो. त्यानंतरही तुम्हाला तीन-साडेतीन आठवडे मिळतात. म्हणजे ज्यासाठी आई लागते ते सगळं नव्वदात बसतं.

उरलेल्या तीन महिन्यांसाठी मी तुमच्या विहीणबाईंना विचारा असं सुचवेन. असं करणारी कितीतरी घरं आपल्या भागात आहेत. आधी मुलीची आई जाते आणि तिची मुदत संपायच्या दोन दिवस आधी मुलाची आई पोहोचते. प्रत्येकीचे नव्वद दिवस वेगळे मोजले जातात. लेकीजवळ घरचं माणूस राहतं, तुमचं बाळ बसायला लागलेलं बघायचं स्वप्नही मोडत नाही, कारण तुम्ही पुन्हा जाऊ शकता. २९ जानेवारीपर्यंत राहिलात तरी पुढचे ९० दिवस बाहेर काढले की ३० एप्रिलपासून तुम्हाला पुन्हा नव्वद दिवस मोकळे होतात. एप्रिल छाटणी उरकून काडी पक्की झाली की जून-जुलैत मालकांनाही सोबत घेऊन जाता येईल. तेव्हा बाळ सात-आठ महिन्यांचं असेल, आजोबांच्या मांडीवर बसेल.

फक्त त्यासाठी व्हिसा हातात आल्यावर तो नीट वाचा. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात आणि माणसं त्यांचीच गल्लत करतात. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, ही पहिली. किती वेळा आत जाता येईल, ही दुसरी. एकदाच असेल तर ‘०१’ असतं आणि अनेकदा असेल तर ‘मल्ट’. आत एकूण किती दिवस राहता येईल, ही तिसरी. वापरायची मुदत सहा महिन्यांची दिसली म्हणून सहा महिने राहायचं नसतं, दिवसांचा आकडा बघायचा. तो आकडा ९० पेक्षा कमीही असू शकतो, कारण तो तुमच्या अर्जातल्या तारखांवरून ठरतो. पहिल्या खेपेला ‘०१’ चाच व्हिसा मिळाला तर जूनसाठी पुन्हा अर्ज करावा लागेल, त्यात वाईट वाटायचं काही नाही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपने भारतीयांसाठी एक सवलत जाहीर केली : तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाने वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येण्याजोगा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. एका दिवसाचाही घोळ न करण्याचं हे मोठं फळ आहे.

आणि घोळ आता लपतही नाही. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के बघून अधिकारी बोटांवर दिवस मोजायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर संगणकावर नोंद सुरू झाली आहे. फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, आत कधी आलात आणि बाहेर कधी गेलात हे यंत्र लिहून ठेवतं. मुदत संपून राहिलात तर दंड, पुन्हा येण्यावर बंदी, आणि दुसऱ्या देशाच्या अर्जातही त्याचं उत्तर देत बसावं लागतं.

आता धाकट्याचं. ताई, इथे मी हात जोडून सांगते, त्याला तुमच्यासोबत पाहुणा म्हणून नेऊ नका.

आपल्या भागात ‘आधी जाऊ, मग बघू’ हा रस्ता लोकांनी खरंच चालून दाखवला आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यासाठी चुलत्या-मामाच्या मागे देशभर गेली. पेढीवर झोपली, सोनं-चांदी गाळायला शिकली, पुढे स्वतःची दुकानं काढली. जाताना कुणी कागद विचारला नाही, कारण देश आपला होता. म्हणून आपल्याला वाटतं की पोरगं एकदा पोहोचलं की पुढचं जमवून घेईल. परदेशात उलटं असतं. कशासाठी आलात हे दारातच विचारतात, आणि जे सांगितलं त्याच्या बाहेरचं काही करू देत नाहीत. जर्मनीत पाहुण्यांच्या व्हिसावर आत जाऊन त्याचं रूपांतर नोकरीच्या परवान्यात होत नाही. नोकरी हातात आली तरी माघारी यावं लागतं आणि इथून नव्याने अर्ज करावा लागतो. मग एजंटला दिलेले लाख कशासाठी?

याहून वाईट शक्यता आधीची आहे. २३ वर्षांचा, अविवाहित, सध्या काम नसलेला मुलगा आईसोबत तीन महिने बहिणीकडे निघाला आहे, असा अर्ज टेबलावर आला की अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की हा परत कशाला येईल? त्याचा अर्ज नाकारला जाण्याची शक्यता मोठी आहेच, पण एकत्र दिलेल्या तुमच्या अर्जावरही त्याची सावली पडू शकते. नाकारलेल्या अर्जाची नोंद युरोपच्या व्हिसा यंत्रणेत पाच वर्षं राहते. म्हणजे उद्या तो पोरगा खऱ्या कागदांनी, खऱ्या नोकरीसाठी अर्ज करेल तेव्हा हा जुना डाग समोर येईल. आपण त्याला हातभार लावायला जातो आणि त्याचीच वाट अडवतो.

त्याच्यासाठी खरे रस्ते आहेत, आणि हे मी दिलासा द्यायचा म्हणून बोलत नाही. जर्मनीला हाताने काम जाणणारी माणसं हवी आहेत. भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाचे २० हजार व्हिसे होते, ते ९० हजारांवर नेणार असं त्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं. तुमची लेक राहते ते श्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी आहे, आणि त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. करार झाला म्हणजे नोकरी दाराशी आली असं नाही, तेवढ्या भरवशावर बसू नका. पण दिशा कळते.

पहिला रस्ता आहे आउसबिल्डुंग. आपल्या आयटीआयला कारखान्यातल्या उमेदवारीची जोड दिली तर जे होईल ते. कंपनीशी करार होतो, दर महिन्याला विद्यावेतन मिळतं, दोन ते साडेतीन वर्षांत तिथलंच प्रमाणपत्र हातात येतं. फीचा डोंगर नाही. अट एकच आणि ती कडक आहे, जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत यायला हवी (युरोपात भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या धरतात, बी-१ ही तिसरी). दुसरा रस्ता ‘संधी कार्ड’, जर्मनमध्ये शान्सनकार्टं. जून २०२४ पासून हे सुरू झालं. नोकरी शोधायला एक वर्ष राहू देतात, त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. त्यासाठी किमान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण लागतं, जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ लागतं, वय, अनुभव, भाषा यांचे मिळून सहा गुण व्हावे लागतात. आणि २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो खर्चाची सोय दाखवावी लागते. वर्षाचे तेरा हजार युरो होतात, तुमच्या बागेच्या जिवावर हे करू नका. तिसरा रस्ता शिक्षणाचा. त्यात वर्षाला ११,९०४ युरो अडकवून ठेवलेलं खातं आणि नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालेलं एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासून दिलेला दाखला, लागतं.

मला विचाराल तर पहिला. एजंटला द्यायच्या पैशांतला छोटा हिस्सा जर्मनच्या वर्गावर घाला. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात, ऑनलाइनही शिकता येतं. पोराला वर्षभर मन लावून शिकू द्या, सोबत मिरज किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत काम करू द्या म्हणजे अनुभवाचा दाखलाही होईल. बहीण तिथेच आहे, ती कंपन्यांच्या जाहिराती वाचून पाठवेल. भाषेला तो कंटाळला तर तेही इथेच, स्वस्तात कळेल.

एजंटबद्दल एक गोष्ट तपासून बघा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली भारत सरकारचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे, आणि परवानाधारकालाही ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तुमच्या माणसाला परवाना क्रमांक विचारा. आणि तो “टुरिस्ट व्हिसावर पाठवतो” म्हणत असेल तर परवाना असला तरी लांब राहा.

आता तुमचे स्वतःचे कागद. खात्यात उसने पैसे ठेवायचा सल्ला अजिबात ऐकू नका. माझ्या भावजयीच्या अर्जाच्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत हे झालं. अर्जाच्या दहा दिवस आधी खात्यात पाच लाख आले, त्याआधी सहा महिने शिल्लक पंधरा-वीस हजारांच्या घरात. नकार आला. मी तेव्हा गप्प बसले, कारण मलाही वाटलं होतं की रक्कम मोठी दिसली की काम होतं. अधिकारी रकमेपेक्षा पैशाची ये-जा बघतो. अचानक आलेली रक्कम कुणाची, हे त्याला लगेच कळतं.

तुम्हाला त्याची गरजही नाही. जर्मनीत पाहुण्याचा खर्च यजमानाने उचलायची पक्की सोय आहे. जावई तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन एक हमीपत्र करतात, त्याला फरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. नाव लक्षात ठेवू नका, लेकीला ‘ऑफिसातलं हमीपत्र’ म्हणालात तरी कळेल. त्यात तुमच्या राहण्या-खाण्यापासून दवाखान्यापर्यंतच्या खर्चाची जबाबदारी ते घेतात आणि कार्यालय त्यांचा पगार तपासून शिक्का मारतं. जावयाने साध्या कागदावर लिहिलेलं पत्र आणि हे हमीपत्र यात फार अंतर आहे. मूळ प्रत कुरिअरने मागवा, झेरॉक्स चालत नाही. त्या ऑफिसात वेळ मिळायला बरेच आठवडे लागतात, म्हणून लेकीला आजच फोन करा.

खर्चाचा प्रश्न असा मिटला की अधिकाऱ्याचा एकच प्रश्न उरतो : ही बाई परत जाईल ना? त्याचं उत्तर तुमच्या घरात भरून राहिलं आहे, फक्त ते कागदावर आणायचं. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे म्हणून तुमची फाईल नाही, हे तुमच्या पत्रात एका ओळीत स्वच्छ लिहा. त्याच्या पुष्टीला सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मागच्या दोन-तीन हंगामांच्या द्राक्ष किंवा बेदाण्याच्या विक्रीच्या पट्ट्या, आणि ते पैसे जमा झालेलं पासबुक. सोसायटीचं कर्ज असेल तर लपवू नका, कर्ज काढून बाग करणारा शेतकरी बाग सोडून पळत नसतो. उताऱ्यावर फक्त मालकांचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा, म्हणजे ती बाग तुमच्याही घरची आहे हे दिसेल. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यानिशी करून घ्या. सोबत लेकीच्या आणि जावयाच्या पासपोर्टच्या आणि निवास परवान्याच्या प्रती, आणि बाळंतपणाची तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र. कारण लपवायचं काहीच नाही. ‘फिरायला जाते’ असं लिहू नका, ‘मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला जाते, घरी पती आहेत, बाग आहे, जानेवारीअखेर परत येते’ असंच लिहा. हे पत्र एजंटकडून नको. तुम्ही तोंडी सांगा, धाकटा टाईप करेल.

नावांकडे मात्र आजच बघा. आपल्या बायकांच्या कागदांवर माहेरचं नाव, सासरचं नाव आणि कधी कधी घरी हाक मारायचं नाव अशी तीन नावं सापडतात. तुमच्या पासपोर्टवरचं नाव आणि लेकीच्या पासपोर्टवर, जन्मदाखल्यावर आईचं म्हणून असलेलं नाव, ही स्पेलिंगसकट जुळतात का? तुम्ही तिची आई आहात याचा पुरावा तोच आहे. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं जोडणारा कागद तयार ठेवा, पासपोर्टच दुरुस्त करायचा असेल तर त्याला वेळ लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत देता येतो. निकाल साधारण १५ दिवसांत लागतो, जास्त चौकशी असेल तर ४५ दिवसही जातात. १ नोव्हेंबरच्या हिशेबाने मी जुलै-ऑगस्ट धरेन, गणपतीआधी अर्ज टेबलावर असावा. निर्णय मुंबईची जर्मन वकिलात घेते, कागद आणि बोटांचे ठसे मात्र व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात देतात, पुण्यातही केंद्र आहे. तिथल्या काउंटरवरच्या माणसाला व्हिसा देण्या-नाकारण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे “आत ओळख आहे” असं कुणी म्हणालं तर पुढे ऐकूही नका. व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे साधारण नऊ-दहा हजार रुपये, वर केंद्राचं थोडं सेवाशुल्क. चार लाखांशी ताडून बघा. जर्मनीने जुलै २०२५ पासून नकारावर वकिलातीकडेच फेरविचार मागायची जुनी सोय बंद केली आहे. आता नकार आला तर नवा अर्ज नाहीतर तिथलं कोर्ट, म्हणून पहिलाच अर्ज पुरा द्या. व्हिसा येण्याआधी तिकीट विकत घेऊ नका, नुसतं आरक्षण दाखवलं की चालतं.

बागेत हात राबलेल्या बायकांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हे मी कितीदा बघितलं आहे. आधी पंधरा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल तेल चोळा आणि त्या दिवसांत भांडी-धुणं दुसऱ्या कुणाला करू द्या.

विमा किमान ३० हजार युरोंचा आणि पूर्ण मुक्कामाचा लागतो. त्यात आधीपासूनचा बीपी, शुगर सहसा धरत नाहीत. गोळ्या तीन महिन्यांच्या आणि वर पंधरा दिवसांच्या घ्या, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. तिथे गेल्यावर नातवंडाला सांभाळणं हे तुमचं घरचं काम आहे, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण तिथल्या मराठी मंडळातल्या दुसऱ्या बाळंतिणीला तेल लावायला जाऊन पैसे घेतलेत तर ती नोकरी झाली, आणि या व्हिसावर नोकरी चालत नाही. आजूबाजूला कळलं की मागणी येते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

कायमचं राहण्याचं विचारलंत. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल नोकरदारांच्या आई-वडिलांना, आणि जोडीदाराच्या आई-वडिलांनाही, बोलावून घ्यायची नवी वाट उघडली आहे. पण ज्यांना त्या देशात कुशल नोकरीचा पहिला परवाना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला त्यांच्यासाठीच. लेकीच्या आणि जावयाच्या कार्डांवरच्या तारखा बघा. त्याआधी मिळाला असेल तर ही वाट बंद आहे, आणि मग अगदी टोकाच्या अडचणीतच विचार होतो. तारीख जुळली तरी खरी अडचण विम्याची. वयाच्या ५५ नंतर तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात नव्याने सहसा घेत नाहीत आणि खासगी विमा फार महाग पडतो. तो परवडतो का हे लेकीने आधी विचारून घ्यावं. माझं मत विचाराल तर घाई करू नका. एक हिवाळा तिथे काढा, दुपारी साडेचारलाच मावळणारा दिवस बघा, मालकांना जूनमध्ये नेऊन आणा. बाग कुणाच्या हाती सोपवायची हे त्यानंतर दोघांनी बसून बोला.

आता बाळंतविड्याचं, कारण तुमचं निम्मं मन तिथेच असणार. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. साजूक तूप, खवा, पेढे विमानतळावर काढून टाकतात, तुपात वळलेले लाडूही अडकू शकतात. म्हणून डिंक, खारीक, सुंठ, बेदाणा कोरडंच न्या आणि लाडू तिथे जाऊन वळा. लोणी तिकडे उत्तम मिळतं, घरीच कढवून तूप करा. बाळंतिणीच्या घरी हेबामं नावाची सुईण येऊन आई-बाळाला तपासते, पहिले बारा आठवडे तिचा खर्च लेकीच्या विम्यातूनच होतो. मात्र ती आधी शोधून ठरवावी लागते आणि श्टुटगार्टसारख्या शहरात लवकर मिळत नाही. हमीपत्रासाठी फोन कराल तेव्हा सुईण ठरवली का, हेही लेकीला विचारा.